गुरुवारची बैठक

त्या वृद्धनिवासात अक्काला अक्का म्हणत नाही असं कुणी नव्हतं. तिच्या दुप्पट वयाचे आजी-आजोबाही तिला अक्काच म्हणत. ‘अहो, मी तुमच्या लेकीच्या वयाची’ असं सांगून सांगून तिने शेवटी नाद सोडून दिला होता. सेविकांमध्ये ती सगळ्यात जुनी. इमारत दोन मजली. खाली चालती-फिरती माणसं, वर अंथरुणाला खिळलेली. वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी चादरींचं कपाट, पुढे न्हाणीघर, आणि अगदी टोकाला मोठ्या खिडक्यांची बसायची खोली. अक्काचे पाय आयुष्यभर त्या एवढ्या पट्ट्यातच झिजले.

आधीचे व्यवस्थापक तोंडाचे फटकळ आणि कानाचे हलके होते. त्यांना सगळे नुसते ‘साहेब’ म्हणत. कप फुटला तरी आजी-आजोबांसमोर उभं करून झापायचे, आणि कुणी कुणाची चुगली केली की शहानिशा न करता ती खरी धरायचे. त्यामुळे तिथे एक रीत पडून गेली होती. काही बिनसलं की निस्तरायचं, पुसायचं आणि गप्प बसायचं. एखादे आजोबा खुर्चीतून घसरले, तर उचलून परत बसवायचे आणि विचारलं तर ‘माझ्या शिफ्टला नव्हतं’ म्हणायचं. प्रत्येकीच्या शिफ्टला काहीच होत नसे. मग माणसांच्या अंगावरचे डाग कुठून येत, देव जाणे. चहाच्या वेळीसुद्धा बायका आपापला कप घेऊन वेगवेगळ्या कोपऱ्यात उभ्या राहत. शेवटी घरच्या लोकांच्या कुरबुरी मालकांच्या कानावर गेल्या, साहेबांना नारळ मिळाला, आणि त्यांच्या जागी चिमणी आली.

चिमणी हे तिचं नाव नव्हे. ती आणि अक्का एकत्र शिकल्या होत्या, वसतिगृहात एकाच खोलीत राहिल्या होत्या. अंगापिंडाने लहान आणि बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून अक्कानेच तिचं ते नाव पाडलं होतं. चिमणीला कावीळ झाली तेव्हा अक्का महिनाभर तिच्या उशाशी होती. अक्काची लेक पोटात आडवी होती आणि डॉक्टरांनी ऐनवेळी ऑपरेशन सांगितलं, तेव्हा नवरा दारातच मटकन खाली बसला, पण चिमणीने धावपळ करून सगळं मार्गी लावलं. पुढे चिमणी शिकत गेली, मोठमोठ्या ठिकाणी कामं केली. अक्का सेविकाच राहिली. पण दोघींमधलं अगं-तुगं सुटलं नाही.

रुजू व्हायच्या आदल्या रविवारी चिमणी अक्काच्या घरी आली. अक्काचा नवरा जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं काम घरातच करायचा. तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्या बाजूला सारून त्याने तिला बसायला जागा करून दिली. चिमणीने मोकळेपणाने सांगितलं की तिथली माणसं घाबरलेली आहेत, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात म्हातारं माणूस द्यायचं म्हणजे धोकाच. त्यांना बोलतं करायला हवं. दर गुरुवारी दुपारी, जेवणं उरकली की, सगळ्यांनी वरच्या बसायच्या खोलीत गोल बसायचं, दार लावून घ्यायचं, आणि ज्याच्या मनात जे असेल ते सांगायचं. चूक सांगितली म्हणून कुणाला शिक्षा नाही, आणि खोलीतलं खोलीबाहेर नाही.

"माझ्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही," ती म्हणाली. "मी पडले साहेबांच्या खुर्चीवर बसणारी. तुझ्यावर बसेल. तू शब्द दे त्यांना."

अक्काने शब्द दिला. तिला तो द्यायला काहीच जड गेलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या मनातलं बोललं होतं.

सुरुवातीचे गुरुवार सगळे नुसते पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसले. पैलवान म्हणून एक सेवक होता, आडदांड, अंथरुणावरच्या माणसांना फुलासारखं उचलणारा. तो तर चक्क पेंगायचा. मग एका गुरुवारी तोच अचानक म्हणाला की त्याची पाठ गेली आहे. रोज गोळी खाऊन तो कामावर येतो, आणि दुसऱ्या कुणाला मदतीला हाक मारायची लाज वाटते, कारण मग पैलवान कसला. सगळे हसले, तोही हसला, पण हसता हसता त्याचे डोळे भरले. पुढच्याच आठवड्यात चिमणीने नियम केला, एकट्याने कुणालाही उचलायचं नाही, पैलवानानेसुद्धा नाही. माणूस सरकवायची जाड कापडी झोळी आली. त्यानंतर एकेकीचं तोंड उघडायला लागलं. कुणी म्हणालं, घाईत आजोबांचं औषध द्यायचं राहिलं. कुणी म्हणालं, एक आजोबा वाईट नजरेने बोलतात आणि मला त्यांच्या खोलीत एकटीने जायला नको वाटतं. जे सांगितलं जाई त्यावर काहीतरी होई. आणि कुणावरही आवाज चढत नसे.

हळूहळू चहाचे कप एका टेबलावर आले. शिफ्ट संपली की एकमेकींना ‘ह्या आजींचं आज बिनसलंय, जरा बघ’ असं सांगून मगच बायका घरी जाऊ लागल्या. आचाऱ्याने एकदा म्हटलंसुद्धा, की वरच्या मजल्यावरून आता भांडणाऐवजी हसण्याचा आवाज येतो, त्यामुळे माझी झोपमोड होते. अक्का घरी नवऱ्याला हे सगळं रंगवून सांगायची. तो तार गुंडाळता गुंडाळता हं हं करायचा.

एकच बाई बोलत नव्हती. तिला अबोलीच म्हणायचे. कामाला चोख, चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. घरात थकलेली सासू, दोन पोरं, नवरा कुठेतरी दूर कामाला. अक्काच्या लक्षात येत होतं की तिच्या मनात काहीतरी ठसठसतंय. ती न्हाणीघराच्या दारापाशी आली की क्षणभर थबकायची. अक्का तिच्या मागे लागली नाही, पण कपाटाशी चादरींच्या घड्या घालताना दोन-तीनदा सहज म्हणाली, की काही असेल तर गुरुवारी बोल, मी आहे.

"तुम्ही आहात म्हणून बोलू?" अबोलीने एकदा विचारलं.

"हो. मी आहे म्हणून बोल."

त्या गुरुवारी अबोली बोलली. वरच्या मजल्यावर एक आजी होत्या, सगळ्यांना हुकूम सोडायच्या म्हणून त्यांना राणीसरकार म्हणत. स्मृती गेलेली, पण रुबाब शाबूत. अंघोळीच्या वेळी त्या ओरबाडायच्या, थुंकायच्या, वाट्टेल ते बोलायच्या. साहेबांच्या काळात एक दिवस राणीसरकार अबोलीच्या तोंडावर थुंकल्या, तेव्हा तिने त्यांचं मनगट पकडलं. नुसतं धरलं नाही, आवळलं. मग त्यांना तशाच ओल्या, साबणासकट खुर्चीत सोडून ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आत जाऊन बघते तर डोळ्यांत साबण जाऊन त्या लहान मुलासारख्या रडत होत्या.

"त्यांना काही झालं नाही," अबोली म्हणाली. "डागसुद्धा उमटला नाही. पण मला माझीच भीती वाटते तेव्हापासून."

मग पैलवान खाली बघत म्हणाला की त्यानेही एकदा एका आजोबांना पलंगावर आपटल्यासारखं ठेवलं होतं. दुसरी एक म्हणाली की तिने कितीदा तरी कानावर हात ठेवून हाका ऐकल्याच नाहीत असं केलं आहे. चिमणी उठली, अबोलीच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. ‘हे बोलायला फार हिंमत लागते’ असं ती म्हणाली. मग सगळ्यांनी मिळून राणीसरकारांच्या अंघोळीचा विचार केला. कुणाला तरी वाटलं की डोक्यावरून पाणी आलं की त्या बिथरतात. तेव्हापासून दोघींनी मिळून, ओल्या फडक्याने, पायांपासून वर पुसत यायचं ठरलं. ओरबाडणं खरोखरच थांबलं. राणीसरकार अंघोळीनंतर आता ‘ठीक, जा’ असं म्हणून परवानगी देऊ लागल्या.

त्याच गुरुवारी संध्याकाळी अक्का चिमणीकडे गेली आणि म्हणाली की अबोली फार थकली आहे, तिला थोडे दिवस खालच्या मजल्यावर घे, चालत्या-बोलत्या माणसांत. चिमणीने लगेच होकार दिला. अबोली खाली गेली. आठवड्याभरात अक्काने तिला बागेत एका आजोबांच्या विनोदाला हसताना पाहिलं आणि तिला फार बरं वाटलं.

पुढे पानगळ सुरू झाली त्या सुमारास राणीसरकारांच्या दंडावर एक निळा-जांभळा डाग दिसला. तो दिसल्या दिसल्या सेविकेने अक्काला दाखवला, अक्काने डॉक्टरांना बोलावलं. पूर्वी असं कधी झालं नसतं. डॉक्टरांनी पाहून सांगितलं की रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे यांची कातडी लगेच काळीनिळी होते, आणि झोपेत या हात पलंगाच्या कठड्याच्या दांड्यांतून बाहेर काढतात, त्याचाच हा डाग. राणीसरकारांचा मुलगा भेटायला आला, त्यालाही त्यांनी तेच सांगितलं. मुलगा चिमणीच्या खोलीत जाऊन काहीतरी बोलून गेला.

दोन दिवसांनी अक्का कामावर आली तर कपडे बदलायच्या खोलीत अबोली आपलं कपाट रिकामं करत होती. चपला, कंगवा, पोराने काढलेलं एक चित्र, सगळं ती एका पिशवीत भरत होती. अक्काने काय झालं विचारलं. अबोलीने पिशवीची गाठ मारली आणि मग वळली.

"खोलीत बोलले ते बाहेर कसं गेलं, अक्का?"

अक्काला काही कळेना. तेव्हा अबोलीने सांगितलं. मॅडमनी, म्हणजे चिमणीने, तिला बोलावून घेतलं होतं. राणीसरकारांच्या डागाबद्दल तक्रार आली आहे, आणि तू त्यांच्यावर हात टाकल्याचं स्वतःच कबूल केलं आहेस, त्यामुळे तुला ठेवता येणार नाही, असं म्हणाल्या. अबोली म्हणाली, मी तर कधीची खाली आहे, त्यांच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. त्यावर मॅडम म्हणाल्या, तुझ्या अक्कालाही तुझ्याबद्दल खात्री नव्हती, म्हणून तर तिनेच तुला वरून हलवायला सांगितलं.

‘अगं, ते मी तुझ्यासाठी’ एवढं अक्का बोलू लागली, पण अबोलीने पिशवी उचलली होती. दोन सेविका दाराशी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. अबोली त्यांच्यामधून निघून गेली आणि त्या दोघींनी अक्काकडे बघायचं टाळलं.

अक्का तडक चिमणीच्या खोलीत गेली. तिला वाटत होतं आपण ओरडू. पण चिमणीचे डोळे आधीच सुजलेले होते. तिने दार लावलं, अक्काचे हात धरले आणि सगळं सांगितलं. राणीसरकारांचा मुलगा भयंकर चिडला आहे, कोर्टाची भाषा करतो आहे, मालकांचे हातपाय गळाले आहेत. त्याला नाव हवं होतं. नाव दिलं नसतं तर बैठका बंद झाल्या असत्या, तीही गेली असती आणि पुन्हा कुणीतरी साहेब येऊन बसला असता. तुझं नाव घेतलं ते चुकलं, ती म्हणाली, अबोली प्रश्नांवर प्रश्न विचारत होती आणि मला सुचेना.

"मला दुसरा रस्ता असता तर मी हे केलं असतं का गं?"

अक्काने तिच्याकडे पाहिलं. काविळीत पिवळीजर्द झालेली, पाणी पाज म्हणून हात पुढे करणारी चिमणीच तिला दिसली. तिने विश्वास ठेवला. इतकंच नव्हे, तर त्या दिवशी चहाच्या टेबलावर तिने चिमणीची बाजूही घेतली. मुलगा कसा हट्टाला पेटला आहे, मॅडमचे हात कसे बांधलेले आहेत, हे तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पैलवानाने कप विसळून उपडा घातला आणि बाहेर निघून गेला.

पुढच्या गुरुवारी खोली भरली होती, पण बोलणं असं झालं की नळाची गळती दुरुस्त करा, हातमोजे लहान पडतात. अक्काने कुणाकडे पाहिलं की ते माणूस खिडकीबाहेर बघायचं. ती अबोलीच्या घरी जाऊन आली. थकलेल्या सासूने दार किलकिलं करून सांगितलं की ती झोपली आहे. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

मग एके सकाळी राणीसरकारांना चाकाच्या खुर्चीतून बागेत आणलं असताना त्यांचा मुलगा आला. साधासुधा, टक्कल पडू लागलेला माणूस, हातात आईसाठी मऊ केक. अक्काला त्याच्याकडे बघवेना. पण तो शेजारच्या बाकावर बसला आणि आईला केकचे तुकडे भरवता भरवता म्हणाला की आई आता अंघोळीला कुरकुरत नाही, तुम्ही सगळे फार जपता, आभार कसे मानावेत कळत नाही. अक्काला राहवलं नाही. ती म्हणाली, आभार मानता, आणि आमच्या एका बाईची नोकरी घालवलीत.

त्याचा हात तसाच थांबला.

"मी? ताई, मी तर फक्त विचारलं होतं की कठड्याला काही मऊ गुंडाळता येईल का. डॉक्टरांनी मला सगळं समजावलं होतं. दुसऱ्या दिवशी तुमच्या मॅडमचाच फोन आला, की दोषी बाईला काढून टाकलं आहे, काळजी नसावी. मला वाटलं, तुम्हाला काही जास्त माहिती असेल."

‘कोर्ट?’ अक्काने विचारलं. तो गोंधळून हसला. कोर्टात जाणारा माणूस आहे का मी, असं म्हणाला. राणीसरकार केकसाठी तोंड उघडून वाट बघत होत्या. त्यांनी मुलाच्या हातावर चापट मारली. त्याने पुढचा तुकडा भरवला. अक्का बाकाची कड घट्ट धरून बसून राहिली. कठड्याला अजून काहीच गुंडाळलेलं नव्हतं, हे तिच्या मनात आलं. आपल्यालाही ते सुचलं नाही. नाव शोधण्याच्या नादात मुळात मागितलेली गोष्ट राहूनच गेली होती.

त्या दुपारी तिने आधी जुन्या रजईचे पट्टे कापून राणीसरकारांच्या पलंगाचे दोन्ही कठडे गुंडाळले, टाके घातले, आणि मग चिमणीकडे गेली. या वेळी ती बसली नाही. मुलगा भेटला होता, एवढंच म्हणाली. चिमणीला लगेच समजलं. तिने सारवासारव केली नाही, रडलीही नाही. थोडा वेळ समोरच्या पेन्सिली सरळ करत राहिली.

मालकांचं दुसरं निवास सुरू होणार होतं, तिने सांगितलं, मोठं, पलीकडच्या भागात. ते कुणाच्या हाती द्यायचं याचा त्या आठवड्यात विचार चालू होता. नेमका तेव्हाच डाग. मालकांनी फोनवर विचारलं, तू काय केलंस? ‘डॉक्टरांना दाखवलं आणि कठड्याला कापड गुंडाळते’ हे उत्तर तिला फार लहान वाटलं.

"सांगायला काहीतरी हवं होतं मला. ठोस. आणि ते माझ्याकडे होतं."

"ते तुझ्याकडे नव्हतं," अक्का म्हणाली. "ते आम्ही त्या खोलीत ठेवलं होतं."

चिमणी म्हणाली, एका बाईपायी सगळ्यांचं भलं होतं आहे असं बघ ना. त्या दुसऱ्या निवासातही मी अशाच बैठका सुरू करीन, तिथल्या माणसांनाही बोलतं करीन. हे ती मनापासून बोलत होती, आणि अक्काला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्याचीच. तिला वाटत होतं की समोर कुणीतरी खोटं, ढोंगी माणूस बसलेलं असेल. पण ही तीच चिमणी होती. अबोलीच्या पाठीवर त्या दिवशी ठेवलेला हातही खरा होता, आणि तिला काढून टाकणाराही तोच हात होता.

"येते, मॅडम," अक्का म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने पहिल्यांदाच हातातली तार खाली ठेवली. तू दिलास शब्द, मोडला तिने, तू कशाला जिवाला लावून घेतेस, असं त्याने समजावून पाहिलं. अक्का म्हणाली, अहो, अबोली तिच्या शब्दावर नाही बोलली, माझ्या शब्दावर बोलली. तिला मी दाराआड नेलं आणि दार माझ्या मागून दुसऱ्याच कुणीतरी उघडलं. मग ती कितीतरी वेळ रडली. लेक धावत आली आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

पुढच्या गुरुवारी मालक स्वतः आले. सोबत नव्या निवासाची मंडळी होती, बैठक कशी चालते ते बघायला. खुर्च्या जास्तीच्या मांडल्या होत्या, टेबलावर फुलं होती. चिमणीने छान प्रास्ताविक केलं. भीतीने कोंडलेली माणसं इथे कशी मोकळी झाली, चुका लपवायच्या थांबल्या की आजी-आजोबा कसे सुरक्षित होतात, हे सांगितलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मग तिने अक्काकडे पाहिलं, कदाचित सवयीने, कदाचित अजूनही आशेने, आणि म्हणाली की याची सुरुवात जिने केली तिच्याकडूनच ऐकूया.

अक्का उठली. तिने आवाज चढवला नाही. ती म्हणाली की इथे एक बाई होती, ती माझ्या सांगण्यावरून बोलली. तिने जे सांगितलं त्यामुळे एका आजीची रोजची यातना थांबली. आणि तिने जे सांगितलं तेच वापरून, तिने न केलेल्या गोष्टीसाठी तिला काढलं गेलं. डाग पडला तेव्हा ती त्या मजल्यावर नव्हती, आणि तक्रार करणाऱ्याने कुणाचं नाव मागितलंच नव्हतं. हे त्याला विचारता येईल, डॉक्टरांनाही विचारता येईल. मग ती आपल्या माणसांकडे वळली.

"मी तुम्हाला शब्द दिला होता. तो पाळणं माझ्या हातात नव्हतं, आणि हे मी आधी तपासलं नाही. तो शब्द मी परत घेते. इथे बोलू नका."

ती वाट बघत उभी राहिली. तिला वाटलं होतं पैलवान तरी उठेल. ज्या बायकांची मुलं तिने आपल्या कडेवर खेळवली होती, त्यांच्यातली एखादी तरी ‘खरं आहे’ असं म्हणेल. कुणीही बोललं नाही. पैलवान पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता, अगदी सुरुवातीच्या गुरुवारी सगळे बघायचे तसाच. पाहुण्यांपैकी कुणीतरी खोकलं. अक्काला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, आणि तो राग धरून ठेवायला तिच्याकडे काही कारणही नव्हतं. तिने नुकतंच त्यांना सांगितलं होतं, बोलू नका. त्यांनी ऐकलं.

पुढे मालकांनी चौकशी केली. राणीसरकारांच्या मुलाने आणि डॉक्टरांनी जे होतं ते सांगितलं. चिमणीला नवं निवास मिळालं नाही, जुनंही सोडावं लागलं, पण ती रिकामी राहिली नाही. दुसरीकडे कुठेतरी लागली, असं कानावर आलं. अक्काला काढलं नाही, आणि तिच्याशी कुणी फारसं बोललंही नाही. बसायच्या खोलीतल्या खुर्च्या पुन्हा भिंतीला लागल्या. पैलवानाने एकदा कपाटापाशी गाठून तिची माफी मागायचा प्रयत्न केला. घरी चार तोंडं आहेत, एवढंच त्याच्याने बोलवलं. अक्का म्हणाली, माहीत आहे, आणि त्याच्या हातात चादरींचा ढीग दिला.

मालकांनी अबोलीला परत बोलवायचं ठरवलं तेव्हा निरोप घेऊन अक्काच गेली. या वेळी दार अबोलीने उघडलं. तिने अक्काला आत बसवलं, पाणी दिलं. सासू खिडकीशी ऊन खात बसली होती. अबोली आता एका घरी एकाच आजीला सांभाळायला जात होती. अक्काने निरोप सांगितला, मग चिमणीला काय सांगितलं होतं आणि कशासाठी, तेही सांगितलं. अबोलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते मला कळलं होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी नाही, पण नंतर कळलं. तुम्ही तसं करणार नाही."

"मग येशील?"

अबोलीने मान हलवली. नव्या ठिकाणी बरं आहे, ती म्हणाली. ती आजी आणि मी, दोघीच. तिथे कुणी काही विचारत नाही, मीही सांगत नाही. परवा आजीने माझा हात झटकला तेव्हा मला पुन्हा तसंच झालं, आतून काहीतरी वर आलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले. कुणाला सांगावं असं वाटलं, आणि मग आठवलं.

सासूने ऊन सरकलं म्हणून खुर्ची हलवायला सांगितलं. दोघींनी मिळून खुर्ची उचलून पुढे ठेवली. अबोलीने सासूच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि तिथेच वाकलेली राहून, अक्काकडे न बघता तिने विचारलं.

"त्या गुरुवारी बोलल्यावर मी घरी येऊन गाढ झोपले होते, अक्का. किती दिवसांनी. त्या दिवशी सगळ्यांनी जे ऐकलं माझं, ते खरं होतं ना?"

"खरं होतं," अक्का म्हणाली.

अबोलीने पांघरुणाची कड आणखी एकदा आत दुमडली. मग ती उठली आणि अक्काचा रिकामा पेला उचलून आत घेऊन गेली.